हवा गेली की ब्रेक लागतो, मग लाक-मेगांतिकची गाडी पळाली कशी?

प्रश्न इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लाक-मेगांतिक नावाचं गाव आहे. तिथे २०१३ साली उभी करून ठेवलेली तेलाची मालगाडी रात्री आपोआप उतारावरून सुटली, गावात घुसली आणि ४७ माणसं गेली. अग्निशमन दलाने इंजिन बंद केलं म्हणून ब्रेक सुटले, असं वाचायला मिळतं. पण पुस्तकात तर हवा गेली की ब्रेक लागतो असं शिकवतात. मग खरं काय? चूक ड्रायव्हरचीच ना? आपल्याकडे असं होऊ शकतं का? आणि या विषयावर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा तर काय करावा?

घाट सेक्शनला मालगाड्या चालवल्यात आणि पुढे लोको इन्स्पेक्टर म्हणून नव्या पोरांना शिकवलंही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकही बरोबर आहे आणि बातमीही. मालगाडीला एकच ब्रेक असतो असं धरून चाललं की गोंधळ होतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या तत्त्वावर चालणारे तीन असतात.

पहिला गाडीचा ब्रेक. इंजिनपासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते, ती ब्रेक पाइप, आमच्या भाषेत बीपी. आपल्याकडे तिच्यात ५ किलो दाब ठेवतात, उत्तर अमेरिकेत साधारण ९० पीएसआय. प्रत्येक डब्याखाली स्वतःची हवेची टाकी असते आणि एक व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडे त्याला डीव्ही म्हणतात. बीपीतला दाब उतरला की डीव्ही त्या डब्याच्याच टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्लॉक चाकाला भिडतात. म्हणून दोन डब्यांमधली जोडनळी (होज पाइप) सुटली किंवा गाडी मधूनच तुटली, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७० च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही मालगाड्यांचा पाया आहे. तुमच्या पुस्तकातलं वाक्य या ब्रेकबद्दल आहे.

दुसरा इंजिनचा स्वतःचा ब्रेक. आपल्याकडच्या इंजिनांत ए-नाइनच्या हँडलने गाडीचा ब्रेक लागतो आणि एसए-नाइनने फक्त इंजिनचा. या दुसऱ्याचं काम सरळ आहे: कॉम्प्रेसरने भरलेल्या मुख्य टाकीतली हवा थेट इंजिनच्या ब्रेक सिलिंडरमध्ये जाते. हवा आहे तोवर ब्रेक आहे. कॉम्प्रेसर बंद पडला आणि टाकी गळत गेली की हा ब्रेक आपोआप सैल होतो. म्हणजे पुस्तकातल्या वाक्याच्या नेमका उलट.

तिसरा हँडब्रेक. प्रत्येक डब्याला एक चाक असतं, ते माणसाने हाताने फिरवायचं. साखळी किंवा स्क्रू ताणला जातो आणि ब्लॉक चाकावर दाबले जातात. यात हवेचा संबंध नाही. तो आज लावला तर उद्याही तसाच राहील.

आता त्या रात्रीकडे येऊ. ५ जुलै २०१३. माँट्रियल, मेन अँड अटलांटिक नावाच्या छोट्या रेल्वे कंपनीची गाडी: ५ इंजिनं, दूरनियंत्रणाची उपकरणं ठेवलेला एक डबा, इंजिनं आणि टाक्या यांच्यात अंतर ठेवणारा एक बफर डबा आणि त्यामागे ७२ टाक्या. टाक्यांत नॉर्थ डकोटातल्या बाकन भागातलं कच्चं तेल, सुमारे ७७ लाख लिटर. माल पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट जॉनच्या रिफायनरीत जायचा होता. गाडीची लांबी १,४०० मीटरच्या वर, वजन सुमारे ९,३०० मेट्रिक टन. आणि एवढ्या गाडीवर माणूस एकच. ना असिस्टंट, ना गार्ड.

रात्री अकराच्या सुमारास ड्रायव्हरने गाडी नांत नावाच्या ठिकाणी लावली. तिथे दुसरा ड्रायव्हर सकाळी गाडी पुढे नेणार होता. बाजूला साइडिंग होती, तिला डिरेलही होता, म्हणजे गाडी घरंगळली तर तिथेच रुळावरून उतरून थांबली असती. पण साइडिंगमध्ये दुसरे डबे उभे होते, म्हणून गाडी मेन लाइनवर राहिली. तिथला उतार १.२ टक्के, आपल्या भाषेत १ इन ८३. उताराच्या तळाशी, साडेअकरा किलोमीटरवर लाक-मेगांतिक.

ड्रायव्हरने ७ हँडब्रेक लावले: पाच इंजिनांचे, उपकरणांच्या डब्याचा आणि बफर डब्याचा. तेलाच्या टाक्यांपैकी एकीचाही नाही. मागची चार इंजिनं बंद केली, पुढचं चालू ठेवलं आणि त्याचा ब्रेक लावून ठेवला. डब्यांचा हवेचा ब्रेक मात्र लावलेला नव्हता. त्या पुढच्या इंजिनची प्रकृती आधीच बरी नव्हती. वाटेतही ते धूर ओकत आलं होतं. ड्रायव्हरला हॉटेलवर न्यायला आलेल्या टॅक्सीच्या काचेवर इंजिनमधून उडणाऱ्या तेलाचे थेंब पडत होते.

रात्री ११:४० ला कुणीतरी आपत्कालीन नंबरला फोन करून इंजिनला आग लागल्याचं कळवलं. मूळ कारण आठ-नऊ महिन्यांपूर्वीचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या इंजिनची दुरुस्ती झाली होती, त्यात एक भाग रीतसर बदलण्याऐवजी इपॉक्सीसारखं काहीतरी भरून काम भागवलं होतं. ते टिकलं नाही. तेल टर्बोचार्जरमध्ये गेलं आणि धुरांड्यात पेटलं. अग्निशमन दलाने बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं: इंधन तोडलं, इंजिन बंद केलं, आतले ब्रेकर पाडले, आग विझवली. कंपनीतर्फे तिथे आलेला माणूस रुळांच्या देखभालीचा मुकादम होता, इंजिन चालवण्याचं ज्ञान त्याला नव्हतं. ड्रायव्हरला फोनवर कळवलं गेलं. मी येऊन दुसरं इंजिन सुरू करू का, असं त्याने विचारलं. गरज नाही असं उत्तर मिळालं. मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने सगळे निघून गेले. आता एकही इंजिन चालू नव्हतं, म्हणजे एकही कॉम्प्रेसर चालू नव्हता.

हवा गळू लागली. प्रत्येक इंजिनची हवा गळते; किती वेळात, एवढाच फरक. दाब उतरेल तसा इंजिनांचा ब्रेक सैल होत गेला. रात्री एकच्या थोडं आधी हँडब्रेक आणि उरलेला इंजिनचा ब्रेक मिळूनही गाडी धरता येईना आणि ती हलली. सव्वाच्या सुमारास ती ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने गावाच्या मध्यभागातल्या वळणावर आली. त्या वळणाची मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. ६३ टाक्या घसरल्या, सुमारे ६० लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. शुक्रवारची रात्र होती, वळणाजवळचा म्युझी-कॅफे माणसांनी भरलेला होता. गेलेल्यांपैकी बरेचजण तिथलेच.

इथे तुमचा खरा प्रश्न येतो. हवा गळत होती तर बीपीचा दाबही उतरला असेल. मग डब्यांचे ब्रेक आपोआप का लागले नाहीत? हे पुस्तकात एखाद्या ओळीत उरकतात आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. डीव्ही नुसता दाब उतरल्याने काम करत नाही, दाब पुरेशा वेगाने उतरावा लागतो. आपल्याकडच्या मानकात बीपी ६ सेकंदांत ०.६ किलो उतरली तर ब्रेक लागलाच पाहिजे. पण ती मिनिटाला ०.३ किलो अशा संथ गतीने उतरत असेल तर ब्रेक लागता कामा नये. हा दोष नाही, मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, ती गरज आहे. पन्नास-साठ वॅगनच्या रेकमध्ये प्रत्येक जोडावर थोडी गळती असतेच. त्या गळतीने ब्रेक लागू लागले तर गाडी चालणारच नाही. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये तर संथ गळतीत डब्याच्या टाकीतली हवाही त्याच बारीक वाटेने परत बीपीत येत राहते. म्हणजे नांतला बीपी रिकामी होत होती, तिच्याबरोबर डब्यांच्या टाक्याही रिकाम्या होत होत्या आणि एकाही व्हॉल्व्हला काही घडतंय याची खबर लागली नाही. होज कुणी तोडला असता, किंवा जाता जाता कुणी बीपीच्या टोकाची तोटी (अँगल कॉक) उघडून बीपी एकदम सोडली असती, तर सगळ्या ७२ टाक्यांचे ब्रेक कडकडून लागले असते.

आणखी एक जाळी होती, तीही फाटकीच निघाली. ड्रायव्हर जागा नसेल तर ब्रेक लावणारं एक उपकरण इंजिनात असतं, आपल्याकडच्या व्हीसीडीसारखं. वीज गेली की त्याने स्वतःहून गाडीचा ब्रेक लावावा अशी अपेक्षा. त्या इंजिनची वायरिंग अशी होती की ब्रेकर पाडल्यावर काहीच झालं नाही.

आता हँडब्रेकचं गणित करू, कारण माझ्या मते सगळा मामला तिथेच आहे. उतारावर गाडीला खाली ओढणारा जोर म्हणजे वजन गुणिले उतार. ९,३०० टन गुणिले १.२ टक्के, म्हणजे सुमारे ११० टनांचा जोर. चाकांच्या फिरण्याला होणारा विरोध त्यातून थोडा वजा होतो, पण आजच्या रोलर बेअरिंगमुळे तो फार किरकोळ आहे. म्हणजे शंभर टनांच्या आसपासचा जोर सात हँडब्रेकनी रात्रभर धरायचा होता. कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात एवढ्या डब्यांना किमान ९ हँडब्रेक सांगितले होते. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर हिशोब केला, तेव्हा किमान १७ आणि परिस्थितीनुसार २६ पर्यंत लागले असते असं निघालं. म्हणजे ड्रायव्हरने नियमाप्रमाणे नऊच्या नऊ लावले असते तरी गाडी गेलीच असती. कंपनीचा तक्ता डबे मोजत होता. उतार किती आणि माल किती जड, हे तो विचारातच घेत नव्हता.

हँडब्रेकची ताकद सुद्धा एकसारखी नसते. साखळीला किती गंज, ब्लॉक किती झिजलेले, लावणारा माणूस किती दमलेला, यावर ती अवलंबून असते. एकाच रेकमधल्या दोन शेजारच्या वॅगनमध्येही बराच फरक पडतो. म्हणून संख्या हा फक्त अंदाज असतो. खात्री चाचणीने करायची. चाचणी सोपी आहे: हँडब्रेक लावा, सगळे हवेचे ब्रेक सोडा, इंजिनने हलका ओढ किंवा धक्का द्या, गाडी जागची हलते का पाहा. हलली तर आणखी लावा. त्या रात्री चाचणी झाली, पण इंजिनचा ब्रेक लागलेला ठेवूनच. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या पायात किती जोर आहे हे तपासल्यासारखं ते झालं. गाडी हलली नाही, ड्रायव्हरला वाटलं हँडब्रेक पुरेसे आहेत. खरं तर तिला इंजिनच्या हवेने धरलं होतं, आणि ती हवा पुढे जेमतेम दोन तास टिकली.

शिकाऊ पोरांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावायचो. हँडब्रेकचं चाक घट्ट झालं म्हणून पुढच्या वॅगनकडे जायचं नाही. खाली वाकायचं, साखळी लोंबत नाही ना ते बघायचं, आणि बुटाच्या टोकाने ब्रेक ब्लॉकला ढोसायचं. डगडगला तर तो ब्रेक लागलेलाच नाही, चाक कितीही घट्ट लागो. एका यार्डात मी तपासणीला गेलो तेव्हा रजिस्टरमध्ये हँडब्रेक लावल्याची नोंद स्वच्छ अक्षरात होती, आणि वॅगनखाली दोन ठिकाणी साखळी आकड्यातून निसटून नुसती लोंबत होती. चाक मात्र दोन्हीकडे गच्च. लावणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, त्याने चाक खरंच फिरवलं होतं.

मग चूक कुणाची? ड्रायव्हरची होती, नाही कसं म्हणू. अपुरे हँडब्रेक आणि चुकीची चाचणी या त्याच्या गोष्टी. पण सुरक्षा मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये आला, त्यात अपघाताला हातभार लावणारी १८ कारणं नोंदली आहेत. त्यात इंजिनची ती जुगाडू दुरुस्ती आहे, कंपनीचं प्रशिक्षण आणि देखरेख आहे, काही घडल्यावरच हालचाल करायची अशी कंपनीची एकूण वृत्ती आहे, आणि कंपनीवर लक्ष ठेवायची जबाबदारी असलेल्या सरकारी खात्याची ढिलाईही आहे. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर, कंट्रोलर आणि संचालन व्यवस्थापक अशा तिघांना जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं. कंपनी तर अपघातानंतर महिनाभरात दिवाळखोरीत गेली होती.

एकट्या माणसावर गाडी ठेवण्याबद्दल माझं मत कडक आहे. त्या एकट्यामुळेच अपघात झाला असं मंडळाने म्हटलेलं नाही, आणि तेवढं पुराव्याने सिद्धही होत नाही. पण रात्री अकराला दिवसभराचं काम संपवून एका माणसाने २०-२५ वॅगनवर चढउतार करत चाकं फिरवायची, मग परत इंजिनात येऊन चाचणी घ्यायची, कमी पडली तर पुन्हा मागे जायचं, हे कागदावर लिहायला सोपं आहे. करून बघा. दोघे असले की एक मागे असतो आणि एक कॅबमध्ये, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी विचारतं, "एसए-नाइन सोडलं का?"

अपघातानंतर तीन आठवड्यांच्या आतच कॅनडा सरकारने आदेश काढला: धोकादायक माल असलेल्या गाडीवर किमान दोन माणसं हवीत, आणि अशी गाडी मेन लाइनवर बेवारस सोडायची नाही. पुढे त्या जुन्या, पातळ पत्र्याच्या टाक्या कच्च्या तेलासाठी बंद केल्या.

एवढं होऊनही सहा वर्षांनी दुसरा धडा मिळाला, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. ४ फेब्रुवारी २०१९, ब्रिटिश कोलंबियातल्या फील्ड गावाजवळचा रॉकी पर्वतातला घाट. कॅनेडियन पॅसिफिकची धान्याची गाडी, ११२ डबे, तीन इंजिनं. उतार २.२ टक्के, तापमान उणे २८ अंशांच्या आसपास. उतरताना वेग आवरेना, म्हणून ड्रायव्हरने इमर्जन्सी टाकली, म्हणजे बीपी एकदम रिकामी करून पूर्ण ब्रेक लावला, आणि गाडी थांबली. सगळं पुस्तकाप्रमाणे. डब्यांच्या टाक्यांतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये होती, ब्लॉक चाकांना चिकटलेले होते, ८४ डब्यांचे रिटेनर, म्हणजे सिलिंडरमधली थोडी हवा अडवून धरणारे व्हॉल्व्ह, लावले होते. हँडब्रेक लावले नव्हते. क्रू बदलला. आणि तीनेक तासांनी गाडी स्वतःहून सुटली. इमर्जन्सी लागलेली असताना. ९९ डबे आणि दोन इंजिनं घसरली, नव्याने चढलेले तिघेही कर्मचारी मेले.

नांतला ब्रेक लागला नाही. इथे लागलेला ब्रेक गळून गेला. ब्रेक सिलिंडरच्या आत रबरी सील असतं. थंडीत ते कडक होतं, जुनं असेल तर अधिकच, आणि हवा सिलिंडरमधून निसटते. टाकीत भरायला नवी हवा नसते, कारण ती भरायची तर बीपी चढवावी लागते आणि बीपी चढवली की ब्रेक सुटतो. आमच्या धंद्यातल्या अनेकांना मनापासून वाटतं की इमर्जन्सी टाकलेली गाडी म्हणजे खिळा ठोकलेली गाडी. हवेचा ब्रेक गाडी थांबवायला बनवला आहे. थांबलेली गाडी धरून ठेवायला लोखंड लागतं: हँडब्रेक, चाकाखालचा गुटका, साखळी. त्यानंतर चारच दिवसांत कॅनडात आदेश निघाला की १.८ टक्के किंवा त्याहून तीव्र घाटात इमर्जन्सीने गाडी थांबली तर हँडब्रेक लावायचेच.

आपल्याकडे होऊ शकतं का? होऊन गेलंय. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून खडी भरलेली ५३ वॅगनची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली आणि पंजाबात उंची बस्सीला थांबवेपर्यंत सत्तरहून जास्त किलोमीटर धावली. फाटकं वेळेत बंद केली गेली, लाइन मोकळी करून घेतली, पुढे रुळावर अडथळे टाकून आणि चढाच्या मदतीने ती थांबवली. कुणाला इजा झाली नाही. कंट्रोल आणि स्टेशनवाल्यांनी त्या तासाभरात जे केलं त्याला दाद द्यायला हवी. पण गाडी सुटल्यावरची हुशारी वेगळी आणि ती सुटू न देण्याचं काम वेगळं.

नियम आपल्याकडे कमी नाहीत. स्टेशन यार्डाचा उतार १ इन ४०० पेक्षा तीव्र नसावा आणि शक्यतो १ इन १२०० असावा, असं आपलं मोजमापाचं पुस्तक सांगतं. १ इन ४०० वर पाच हजार टनांचा रेक साडेबारा टनांनी खाली ओढला जातो. जुन्या बेअरिंगच्या वॅगन तेवढ्याने जागच्या हलत नसत, रोलर बेअरिंगच्या मात्र वाऱ्यानेही डोलतात. म्हणून उभ्या करून ठेवलेल्या (स्टेबल केलेल्या) गाडीला दोन्ही टोकांच्या वॅगनचे हँडब्रेक, चाकाखाली लाकडी गुटके, रुळाला साखळी आणि कुलूप, हे सगळं आपल्याकडे लागतं. कुलपाची किल्ली स्टेशन मास्तरकडे. कटकटीचं काम आहे, पावसात तर फारच. पण या साऱ्या गोष्टी हवेवर अवलंबून नाहीत, आणि त्यातच त्यांची किंमत आहे.

भोर आणि थळ घाटाची गोष्ट तर वेगळीच. दोन्हीकडे १ इन ३७, म्हणजे २.७ टक्के, फील्डपेक्षाही तीव्र. ब्रिटिश काळातल्या जीआयपी रेल्वेने तिथे कॅच साइडिंगची पद्धत घातली. उतरणाऱ्या गाडीसमोरचा पॉइंट मुळातच बाजूच्या चढत्या साइडिंगकडे वळलेला असतो. ड्रायव्हरने तिथे गाडी उभी करून दाखवायची, म्हणजे ताबा आहे हे सिद्ध करायचं, मगच पुढची मेन लाइन मिळते. ताबा सुटलेला असेल तर गाडी साइडिंगमध्ये जाऊन वाळूत आणि चढावर थांबते. पुण्याहून मुंबईला येताना घाटात गाडी विनाकारण थांबली म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशांना हे सांगावंसं वाटतं. इथे पूर्वी खेकडा नावाची विजेची इंजिनं होती, त्यांच्यात उतरताना मोटारींनीच वेग आवरायची सोय होती, म्हणजे हवेचा ब्रेक शेवटपर्यंत राखीव राहायचा. आजच्या तीन-फेज इंजिनांतही तेच तत्त्व चालू आहे. नांत आणि लाक-मेगांतिकच्या मधल्या साडेअकरा किलोमीटरमध्ये असं एकही कॅच साइडिंग असतं तर गाडी गावात पोचली नसती.

आपल्या डब्ल्यूएजी-९ इंजिनांत पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा आहे: स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते. हवा संपली की तो लागतो, सैल होत नाही. मोठ्या ट्रकांना ही व्यवस्था वर्षानुवर्षं आहे. पण ती इंजिनापुरती. वॅगनला अजून तेच हाताने फिरवायचं चाक. फील्डच्या अपघातावरच्या २०२२ च्या अहवालात कॅनडाच्या मंडळाने मालडब्यांना स्वयंचलित पार्किंग ब्रेक बसवावेत, सुरुवात डोंगराळ भागातल्या एकाच प्रकारचा माल नेणाऱ्या गाड्यांपासून करावी, अशी शिफारस केली. हजारो डब्यांचा खर्च आहे, कंपन्या सहजासहजी तयार होणार नाहीत. तरी मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची शिफारस हीच.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. अपघाताचं सिम्युलेशन करायच्या फंदात पडू नका, ते बऱ्याच जणांनी करून झालंय आणि शिक्षकांना छान वाटण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. एखाद्या वर्कशॉपची रीतसर परवानगी काढा. वॅगनच्या एका ब्रेक ब्लॉकच्या जागी लोड सेल, म्हणजे जोर मोजणारं उपकरण, बसवा. मग वेगवेगळ्या माणसांना हँडब्रेक लावायला सांगा: ताज्या दमाच्या, पाळी संपत आलेल्या, हातमोजे घातलेल्या, ओल्या हाताच्या. प्रत्येकाला घट्ट झालं असं वाटेल तिथे थांबू द्या आणि ब्लॉकवर प्रत्यक्ष किती जोर आला तो नोंदवा. त्याच वॅगनची साखळी तेल-ग्रीस करून पुन्हा घ्या. मग आकड्यांतली तफावत बघून किती हँडब्रेक लावायचे याचा तक्ता उतार आणि वजन धरून बनवा. लोड सेल निवडताना अडलात, किंवा परवानगीच्या अर्जात नेमकं काय लिहायचं हे कळेना, तर विचारा. आणि वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी वॅगनच्या दोन्ही बाजूंना गुटके लावल्याशिवाय खाली वाकू नका.